तक्रार केली तर राहायचं कुठे? परदेशातले तात्पुरते कामगार आणि त्यांच्यासाठीचे कायदे

टाचणटिपण

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "आता सगळीकडे कायदे कडक झालेत, मालकांची पूर्वीसारखी मनमानी चालत नाही." तिथेच उत्तर टंकायला घेतलं, पण ते इतकं लांबत गेलं की वेगळा धागाच काढतोय.

आधी मी कोण ते सांगतो. आखातातल्या एका देशात सहा वर्षं टाइमकीपर होतो. साइटवर कोण किती वाजता आला, किती तास ओटी (ओव्हरटाइम) झाली, कोण आजारी, कोण गैरहजर, हे सगळं माझ्या रजिस्टरात. म्हणजे धड कामगार नाही आणि धड साहेबही नाही. देशाचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण गोष्ट एका कंपनीची नाहीच.

पगार थेट बँकेत जमा करायची सक्ती आली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. अमिरातीत ही पद्धत २००९ साली आली, सौदीत २०१३ पासून टप्प्याटप्प्याने, कतारमध्ये २०१५ ला. अमुक कंपनीने अमुक तारखेला इतक्या लोकांचे पगार टाकले हे सरकारच्या संगणकाला दिसतं. पगार थकवले की कंपनीला नवे परवाने मिळत नाहीत. आणखी काय हवं?

आमच्या कॅम्पात, म्हणजे कामगारांच्या वसाहतीत, काय व्हायचं ते ऐका. दर महिन्याच्या सात तारखेला रात्री कॅम्प बॉस एक गठ्ठा घेऊन निघायचा. चाळीसेक एटीएम कार्डं, वरून रबर लावलेलं, प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने पिन. एकाच मशीनमध्ये इतकी कार्डं घातली तर कुणाच्या तरी डोळ्यांवर येईल म्हणून तीन मशिनं फिरायचा. परत आला की खोलीत टेबल मांडून वाटप. हे मेसचे कापले, हे खोलीचे, हे हेल्मेट हरवल्याचे, हे तुला इथे आणायला खर्च झाला त्याचे. उरतील ते हातात. सरकारी संगणकात मात्र प्रत्येकाला पूर्ण पगार पोचलेला, तोही वेळेवर. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने आमच्या कंपनीचं कौतुक केलेलं मी या कानांनी ऐकलंय.

मग त्या चाळीस जणांनी कार्ड दिलंच का? कुणी मारलं नव्हतं की कोंडलं नव्हतं. दिलं, कारण प्रत्येकाचा राहण्याचा परवाना कंपनीच्या नावाशी बांधलेला होता. "हा माणूस कामावरून पळाला" असा अर्ज मंदूबने, म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाने, ऑफिसात बसल्याबसल्या टाकला की तो माणूस त्या दिवसापासून बेकायदा. सौदीत याला हुरूब म्हणतात, दुसरीकडे दुसरा शब्द आहे, काम एकच. मग पोलीस, डिटेन्शन, आणि विमानात बसवून रवानगी. थकलेला पगार तिकडेच.

माझं म्हणणं एवढंच. किमान वेतन, तपासणी, दंड, हेल्पलाइन हे सगळं पुढचं. नोकरी सुटली की देश सोडावा लागतो आणि नोकरी बदलायची किल्ली मालकाच्या खिशात, असं जोवर आहे तोवर बाकीची कलमं त्या माणसाला वापरताच येत नाहीत. असहमत असाल तर जरूर लिहा.

---

अर्धविराम

चांगला धागा. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

कतारचं उदाहरण घ्या, कारण फुटबॉल विश्वचषकामुळे तिथे सगळं जगासमोर झालं. २०१५ साली नवा कायदा झाला, तो डिसेंबर २०१६ पासून लागू. त्यातून "कफाला" (कामगाराचं राहणं मालकाच्या हमीला बांधायची पद्धत) हा शब्द गेला. शब्द गेला, पद्धत तीच. कराराची मुदत संपायच्या आत नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचं ना हरकत पत्र लागायचंच. देश सोडायला परवानगी लागायची ती बहुतेकांसाठी २०१८ मध्ये आणि घरकामगारांसाठी २०२० मध्ये गेली. ना हरकत पत्राची अट गेली तीही २०२० ला. २० मार्च २०२१ पासून महिना १००० रियाल किमान वेतन, मालकाने राहायची सोय केली नाही तर वर ५००, जेवण दिलं नाही तर वर ३००. घरकामगारांनाही लागू. पासपोर्ट काढून घेतला तर २५ हजार रियालपर्यंत दंड.

वाचायला हे छानच आहे. पण नोटीस दिलेल्या कामगारावर नोटिशीच्या मुदतीतच पळून गेल्याची तक्रार टाकायची, ही युक्ती मालकांना लगेच सापडली. टाचणटिपण म्हणतात ती किल्ली कायद्याने काढून घेतली, पण कुलूप तसंच आहे.

आणि हे फक्त आखातात होतं असं कृपया समजू नका. कॅनडाचा "क्लोज्ड वर्क परमिट" म्हणजे तरी काय? परवान्यावर मालकाचं नाव छापलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांचे गुलामगिरीच्या आधुनिक प्रकारांवरचे विशेष प्रतिवेदक २०२३ मध्ये तिथे जाऊन आले आणि तात्पुरत्या परदेशी कामगारांच्या या कार्यक्रमावर त्यांनी फार कडक शब्दांत ताशेरे ओढले. इंग्लंडने घरकामगारांना १९९८ पासून मालक बदलायची मुभा दिली होती, ती एप्रिल २०१२ मध्ये काढून घेतली. म्हणजे रस्ता नेहमी पुढेच जातो असंही नाही.

---

चिमणराव_२

वाचतोय. कार्डांचं वाचून अंगावर काटा आला.

---

कोरडवाहू

शिव्या पडतील हे धरून लिहितोय. 😀

मी कॅनडात एका बेकरी कारखान्यात मॅनेजर आहे. मालक नाही, पण माणसं आणायचं काम माझ्याच गळ्यात. एक माणूस आणायचा म्हणजे काय हे इथे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आधी जाहिरात देऊन स्थानिक माणूस मिळत नाही हे सिद्ध करा. मग सरकारकडे अर्ज, एका जागेमागे १००० डॉलर फी, आणि ती कामगाराकडून वसूल करायला बंदी. कमी वेतनाच्या जागेसाठी जायचं-यायचं भाडं आमच्याकडे. परवडेल असं घर मिळतंय ना हे बघणं आमच्याकडे. यात सहज काही महिने जातात. तो माणूस उतरतो आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणतो, माझा चुलतभाऊ दुसऱ्या शहरात आहे, तिकडे जातो. मी काय करायचं?

परवाना मालकाशी बांधलेला असतो यामागे नुसती दुष्ट बुद्धी नसते. ज्याने खर्च केला त्याला थोडी तरी खात्री हवी. परवाना मोकळा केला तर छोटे उद्योग माणसं आणणारच नाहीत, मोठे आयत्या बिळावर बसतील.

आणि नियम दात नसलेले आहेत हेही पटत नाही. एका उल्लंघनाला १ लाख डॉलरपर्यंत, वर्षाला १० लाखांपर्यंत दंड होतो, बंदी येते, आणि मालकाचं नाव सरकारी संकेतस्थळावर लागतं. आमच्या ऑफिसात ती यादी लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखी बघतात.

---

टाचणटिपण

कोरडवाहू, शिव्या कशाला, हीच बाजू हवी होती.

तुमचा खर्च खरा आहे. पण त्या खर्चाची हमी म्हणून तारण काय ठेवलंय ते बघा. बँक कर्ज देते तेव्हा घर तारण घेते. इथे त्या माणसाचं त्या देशातलं अस्तित्वच तारण आहे. तुमच्यासारखा मॅनेजर त्याचा गैरफायदा घेत नसेल, पण तुमच्या जागी उद्या आमचा कॅम्प बॉस आला तर त्याच्या हाती काय पडतं?

खर्च बुडतो म्हणून अडतं असेल तर खर्चाचाच उपाय काढता येतो की. नवा मालक पहिल्याच वर्षात माणूस घेत असेल तर जुन्याला फी आणि भाडं उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने त्याने द्यावं. दोन मालकांनी आपापसात भांडावं. कामगाराला त्यात ओलीस धरायचं कारण नाही.

त्या नावांच्या यादीबद्दल: ती बनते तपासणीतून आणि तक्रारीतून. तक्रार करणारा किती दिवस तिथे टिकतो, हाच तर धाग्याचा प्रश्न आहे.

---

उंटावरून

सगळे परवान्याच्या मागे लागलात. माझ्या मते दोरी वेगळीच आहे. कर्ज.

माणूस विमानात बसायच्या आधीच बांधला गेलेला असतो. एजंटाला दिलेले पैसे व्याजाने काढलेले असतात, दागिने गहाण असतात, कुणीतरी जामीन राहिलेलं असतं. पहिलं वर्ष-दीड वर्ष तो फक्त मुद्दल-व्याज फेडत असतो. त्याला उद्या म्हणालात, "जा बाबा, तुझा परवाना मोकळा, हवी तिथे नोकरी शोध", तरी एक महिना बिनपगारी राहायची त्याची ऐपत नसते. हप्ता थांबत नाही.

अमेरिकेतला खटला आठवा. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर मिसिसिपीतल्या पास्कागुलाच्या एका कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर नेले. एकेकाने भरतीसाठी १० ते २० हजार डॉलर मोजलेले, ग्रीन कार्ड मिळेल या बोलीवर. हातात पडला तात्पुरता एच-२बी व्हिसा. एका ट्रेलरमध्ये २४ जण, आणि त्या राहण्याचे महिन्याला हजारावर डॉलर पगारातून कापलेले. २००८ मध्ये लोक काम सोडून बाहेर पडले. २०१५ मध्ये ज्यूरीने पाच जणांना मिळून १.४ कोटी डॉलर द्यायला सांगितले. कंपनीने त्याच वर्षी दिवाळं काढलं.

ती माणसं इतके दिवस गप्प का बसली? अमेरिकेत कायदा नव्हता म्हणून? कोर्ट नव्हतं म्हणून? घरी कर्ज होतं म्हणून.

कामगाराकडून भरतीचे पैसे घेऊ नयेत असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा करार क्रमांक १८१ सांगतो. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे, नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये अधिक कर एवढीच मर्यादा आहे. एजंट ३० हजारांची पावती फाडतो, बाकीचे रोख. पावती नसलेल्या पैशाला कोणता कायदा पकडणार?

---

कोरडवाहू

उंटावरून, +१. आमच्याकडे २०२२ च्या सप्टेंबरपासून नियम आहे की मालकाने नेमलेल्या भरती एजंटानेही कामगाराकडून काही घेता कामा नये, आणि घेतलं तर जबाबदार मालक. त्यानंतर मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारतो, कुणाला पैसे दिलेस का? सगळे "नाही" म्हणतात. एकालाही मी खरं बोलताना पकडलेलं नाही. 🙂

---

निशिगंधा

मी एका हेल्पलाइनवर दुभाषी म्हणून काम करते. आठवड्यातून दोन रात्री, फोनवरूनच. गुप्ततेमुळे देश सांगत नाही.

इथे सगळे साइट, कॅम्प, कारखाना याबद्दल बोलताय. घरकामाच्या बायकांचं काय? साइटवर निदान चाळीस जण एकत्र असतात, एकमेकांना विचारू शकतात. घरात ती एकटी. तपासणी अधिकाऱ्याला घरात शिरायला बहुतेक देशांत वेगळी परवानगी लागते, आणि ती कोण मागतं? घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १८९, व्हायला २०११ साल उजाडलं, यातच काय ते समजा.

पहिल्या वर्षी एक फोन आला. बाई बोलत होत्या आणि मागे सतत पाण्याचा आवाज. मला नीट ऐकू येईना. म्हटलं, ताई, नळ बंद करता का. त्या म्हणाल्या, नळ बंद केला तर बाहेर ऐकू जाईल. बाथरूममधून बोलत होत्या. बादली भरत आली की जरा वेळ गप्प व्हायच्या, ओतायच्या, परत नळ सोडायच्या. साधारण वीस मिनिटं. आता पाण्याचा आवाज आला की मी नळाचं नावच काढत नाही, सरळ विचारते, हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारू का.

त्या बाईंना पगार मिळत होता. मारहाण नव्हती. सुट्टी नव्हती, एकही, चौदा महिने. समुपदेशक म्हणाल्या, तुम्ही निघू शकता, हक्क आहे तुमचा. बाईंनी विचारलं, निघून आज रात्री झोपू कुठे? जिथे नोकरी तिथेच घर असतं तेव्हा नोकरी सोडणं म्हणजे रात्री दहा वाजता रस्त्यावर उभं राहणं. हाँगकाँगमध्ये घरकामगारांनी मालकाच्याच घरी राहायचं अशी सक्ती २००३ पासून आहे, आणि करार तुटला की दोन आठवड्यांत तिथून निघायचं हा नियम १९८७ पासूनचा. दोन आठवड्यांत नवं घर, नवा मालक, नवी कागदपत्रं? कुणी बनवला असेल तो आकडा, आणि त्याने स्वतः कधी नोकरी शोधली होती का, असं मला नेहमी वाटतं.

म्हणून टाचणटिपण आणि उंटावरून, दोघांनाही सांगते, परवाना आणि कर्ज याच्या जोडीला तिसरी गोष्ट लिहा. छप्पर.

---

स्पष्टवक्ता

मुळात जातातच कशाला? कुणी हात धरून नेलं होतं का? सगळं माहीत असून जायचं आणि मग रडायचं.

---

गवंडीदादा

स्पष्टवक्ता, मी गेलो होतो. हात धरून कुणी नेलं नाही. मला सगळं माहीत नव्हतं. निघताना सही केली त्या कागदावर स्टील फिक्सर लिहिलं होतं आणि एक पगार होता. उतरल्यावर दुसरा कागद आला, मला न वाचता येणाऱ्या भाषेत. त्यावर हेल्पर आणि पगार जवळपास दोन तृतीयांश. म्हटलं, मी सही करत नाही. तर म्हणाले, ठीक आहे, तिकिटाचे आणि व्हिसाचे पैसे भर आणि परतीच्या विमानात बस. मी सही केली. तुम्ही काय केलं असतंत?

फार लिहायची सवय नाही. तीन गोष्टी सांगतो.

एक. तपासणीवाले येतात तेव्हा आदल्या दिवशी कळतं. नवे हातमोजे वाटतात. पाण्याचा कूलर चालू होतो. साहेब विचारतो, काही तक्रार? फोरमन शेजारीच उभा. कोण बोलणार.

दोन. मी शेवटी तक्रार केली, कामगार ऑफिसात. निकाल माझ्या बाजूने लागला. लागायला साडेचार महिने. त्या साडेचार महिन्यांत मला काम करायची परवानगी नव्हती. मित्रांच्या खोलीत जमिनीवर झोपलो. पाच जणांनी आळीपाळीने जेवू घातलं. घरी हप्ता जात नव्हता. कंपनीने मधल्या काळात तीन वेळा फोन केला, अर्धे घे आणि मिटव. तिसऱ्या वेळी घेणारच होतो.

तीन. निकाल लागला तो माझ्या बोलण्यामुळे नाही. मी रोज संध्याकाळी टाइमशीटचा फोटो काढत होतो. नुसती सवय, कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीने ऑफिसात ओटीचे तास कमी केलेली शीट दाखवली. मी मोबाइल पुढे केला.

---

टाचणटिपण

गवंडीदादा, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो हे तुमचं वाचताना सारखं आठवत राहिलं. ती "कमी केलेली शीट" मी स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे. तुमची नव्हे, पण तशीच. साहेब सांगायचा, आठवड्यात दहा तासांच्या वरची ओटी दाखवू नकोस. मी दोन रजिस्टरं ठेवायचो. पहिल्या पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

---

अर्धविराम

टाचणटिपण, लिहिलंत हे बरं केलंत.

गवंडीदादांचा दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तक्रार चालू असताना राहायला आणि काम करायला मुभा हवी. अलीकडच्या काही कायद्यांनी नेमका हाच धागा पकडलाय.

न्यूझीलंडने २०२१ मध्ये पिळवणुकीची तक्रार दाखल केलेल्यांसाठी वेगळा व्हिसा आणला, सहा महिन्यांपर्यंत, कुठेही काम करायला मोकळा. कॅनडाने २०१९ च्या जूनपासून "असुरक्षित कामगारांसाठी" खुला परवाना दिला, १२ महिन्यांपर्यंत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बरंच केलं: प्रायोजक (म्हणजे व्हिसा काढून देणारा मालक) सुटला तर पूर्वी ६० दिवस मिळायचे, आता एका वेळी १८० दिवस, आणि त्या काळात दुसरीकडे काम करता येतं. शिवाय व्हिसाची भीती घालून कुणाला राबवणं हा थेट फौजदारी गुन्हा. मला त्यातला आणखी एक भाग आवडतो. दोषी ठरलेल्या मालकाला ठराविक काळ नवे तात्पुरते परदेशी कामगार घ्यायला बंदी करता येते. दंड लोक धंद्याच्या खर्चात धरतात. माणसंच मिळाली नाहीत तर धंदाच थांबतो.

तुलनेला अमेरिकेत एच-१बीवाल्यांना नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आयटीतल्या मंडळींनी ते ६० दिवस भोगलेत, त्यांना हा प्रश्न कॅम्पातल्या माणसांचाच आहे असं आता वाटत नसावं.

---

निशिगंधा

कॅनडाच्या त्या खुल्या परवान्याच्या अर्जांत मी मदत केली आहे, म्हणून एक टाचणी. अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, ऑनलाइन, पुराव्यांसकट. पिळवणूक होते आहे असं मानायला रास्त कारण आहे, हे अधिकाऱ्याला पटायला हवं. ज्याचा फोन मालकाच्या वायफायवर चालतो त्याने हे सगळं करायचं. आणि १२ महिन्यांनंतर? पुन्हा बांधलेला परवाना. पुन्हा कुणाचं तरी नाव छापलेलं.

कॅनडाच्याच शेतीच्या हंगामी कार्यक्रमात तर हाकलायचीही गरज नसते. तो कार्यक्रम १९६६ पासून चालू आहे, एका हंगामात जास्तीत जास्त आठ महिने. मालक पुढच्या वर्षासाठी माणसं नावानिशी मागवतो. ज्याने यंदा तोंड उघडलं त्याचं नाव पुढच्या यादीत नसतं, इतकंच. यात कोणता नियम मोडला?

---

कोरडवाहू

हे नावानिशी मागवण्याचं खरं आहे. आणि बाहेरून बघणाऱ्याला ते चांगलंच दिसतं, "बघा, तीच माणसं पंधरा वर्षं परत येतायत".

माझं मत थोडं सरकलंय असं म्हणतो. पूर्ण मोकळा परवाना मला अजून पटत नाही. पण एका धंद्यापुरता मोकळा ठेवला तर? म्हणजे बेकरीचा परवाना असेल तर कुठल्याही बेकरीत. मग मला माणूस टिकवायला पगार आणि वागणूक दोन्ही बरी ठेवावी लागेल, आणि माझी स्पर्धा निदान माझ्याच धंद्यातल्यांशी राहील.

---

उंटावरून

जपानचा प्रवास साधारण तिकडेच चाललाय. १९९३ पासूनची त्यांची "तांत्रिक प्रशिक्षणार्थी" योजना, नावाला प्रशिक्षण, प्रत्यक्षात स्वस्त मजूर, मालक बदलायला जवळजवळ बंदी. ती रद्द करून नवी आणायचा कायदा २०२४ च्या जूनमध्ये झाला, २०२७ पासून लागू व्हायचाय. त्यात एक-दोन वर्षांनंतर त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. पस्तिसेक वर्षं लागली हे समजायला.

कोरियाने २००४ पासून वेगळा प्रयोग केला. भरती सरकार ते सरकार, एजंट मधून हद्दपार. माझ्या दोरीवर खरा घाव घातला तो त्यांनीच, भरतीचा खर्च खूप खाली आला. पण मालक बदलायला पहिल्या तीन वर्षांत तीनच वेळा मुभा, आणि तीही कारण दाखवून. म्हणजे माझा मुद्दा सुटला आणि टाचणटिपण यांचा राहिला. मान्य करतो. दोन्ही दोऱ्या एकदम कापाव्या लागतात.

---

अर्धविराम

जाता जाता परवानाधारक ठेकेदारांबद्दल. इंग्लंडमध्ये ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री मोरकॅम्ब खाडीत शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले. त्याच वर्षी मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. पण शेती, शिंपले-मासे आणि अन्नप्रक्रिया एवढ्यापुरताच. बांधकाम बाहेर. माणसं जिथे मेली तिथपर्यंत कायदा पोचला.

(संयुक्त राष्ट्रांचा स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा मोठा करार १९९० चा, अमलात आला २००३ मध्ये. माणसं घेणाऱ्या श्रीमंत पाश्चात्त्य देशांपैकी एकानेही त्यावर शिक्कामोर्तब केलेलं नाही. माणसं पाठवणाऱ्यांनी केलंय.)

---

रेवती_म

धागा पहिल्यापासून वाचला. थोडं अवांतर, पण इथे माहितगार लोक दिसतायत म्हणून विचारते. माझा भाचा आठ महिन्यांपूर्वी आखातात गेलाय, एसी टेक्निशियन. पासपोर्ट कंपनीने "सुरक्षित राहावा म्हणून" ठेवून घेतलाय. दोन महिने पगार नाही. आता कंपनी म्हणते, एका कागदावर सही कर, मग पासपोर्ट आणि तिकीट देतो, घरी जा. त्याला घरी यायचंच आहे. ताई रोज रडते, म्हणते पैसे गेले तर गेले, पोरगा येऊ दे. काय करावं?

---

निशिगंधा

रेवतीताई, आधी हे करा. कागदाचा फोटो मागवून घ्या, सही न करता. अरबीत असेल तर वाचून देणारं कुणी तरी मिळेल, नाही मिळालं तर मला कळवा. बहुतेक वेळा त्यात "माझी सर्व देणी मिळाली, कंपनीकडे काही बाकी नाही" असं एक वाक्य असतं. ते एकदा लिहून दिलं की दोन महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी विसरा.

दूतावासाच्या कामगार विभागात त्याने स्वतः जावं किंवा फोन करावा. तुम्ही इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर तक्रार टाका, नातेवाइकांना टाकता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, न सांगता कामावर जाणं बंद करू नकोस म्हणावं. तेवढंच कारण पुरतं त्यांना पळाल्याचा अर्ज टाकायला.

---

टाचणटिपण

निशिगंधा यांच्याशी सहमत. कामावर हजर राहायचं, हजेरी लावायची, आणि पगार मिळाला नाही हे कंपनीला व्हॉट्सॲपवर का होईना लेखी कळवायचं. तारीख पडली पाहिजे. टाइमकीपरशी बोलता आलं तर बोलायला सांगा. आमच्यातले सगळेच दोन रजिस्टरं ठेवत नाहीत. ठेवणाऱ्यांकडे निदान खरं कुठलं ते माहीत असतं.

---

रेवती_म

सगळ्यांचे आभार. अपडेट देते. कागद वाचून घेतला, निशिगंधाताई म्हणाल्या तसंच वाक्य होतं. त्याने सही केली नाही. दूतावासातून कंपनीला फोन गेला, दुसऱ्या दिवशी पासपोर्ट मिळाला. पगार अजून नाही. कंपनी म्हणते दोन महिन्यांतला एकच देऊ, ओटीचा तर पुरावाच नाही.

---

गवंडीदादा

त्याला विचारा, टाइमशीटचे फोटो आहेत का.

---

रेवती_म

विचारलं. पहिल्या महिन्याचे नाहीत. नंतरचे आहेत, रोजचे. म्हणाला, रूममधल्या एका म्हाताऱ्या फिटरने काढायला लावले होते.

---

गवंडीदादा

मग एका महिन्यावर तोडू नकोस म्हणावं. फोटो आज रात्रीच तुम्हाला पाठवून ठेवायला सांगा. फोन हरवतात.